फुकटच्या व्हिसाचे सातशे रुपये

फोंड्याच्या वरच्या बाजारात झेरॉक्सचं एक दुकान आहे. पाटीवर व्हिसा हा शब्दसुद्धा नाही. 'टायपिंग, लॅमिनेशन, पासपोर्ट, सर्व प्रकारचे फॉर्म' एवढंच, तेही उन्हानं फिकं पडलेलं. बाहेर शाळेची पोरं प्रोजेक्टचे प्रिंट काढायला उभी असतात. मशीनच्या मागे, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहायचं अशा जागेत, पन्नाशीच्या एक बाई कॉम्प्युटरवर बसतात. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "म्हजें नांव बरोवंक नाका. आसा तितलें काम पुरो." पण एवढ्या खुणेवर फोंडेकरांना कळेलच.

मुलगा क्रूझवर कुक आहे. पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि बोटीवर गेला. फिलिपिनो नसलेली बोट शोधूनही सापडणार नाही म्हणतात. त्याला तिथे फिलिपिन्समधल्या इलोइलोची मुलगी भेटली, ती आता आमची सून. चार वर्षांपूर्वी लग्न तिकडेच लागलं आणि आम्ही दोघांनी बांदोड्याच्या घरात मोबाईलच्या स्क्रीनवर अक्षता टाकल्या. विहीण-व्याह्यांची प्रत्यक्ष भेट राहूनच गेली होती. गेल्या नोव्हेंबरात त्यांना गोव्याला आणायचं ठरलं आणि माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला, की फिलिपिन्सच्या माणसाला भारतात यायला व्हिसा काढतात तरी कसा?

आधी पणजीला एका चकचकीत ऑफिसात गेलो. एसी, काचेचं टेबल, भिंतीवर आयफेल टॉवर. तिथल्या तरुणानं माणशी साडेनऊ हजार सांगितले, 'गव्हर्नमेंट फी आणि सर्व्हिस मिळून'. वर म्हणाला, ॲडव्हान्स आजच भरा, गॅरंटी देतो. आमचे हे पाकीट काढायच्या बेतात होते. मी म्हटलं, घरी जाऊन सांगतो. तीस वर्षं पोरांची गणितं तपासली आहेत. उत्तर आधी आणि रीत नंतर आली, की मला संशय येतोच.

शेजारणीनं वरच्या बाजारातली ही बाई सुचवली. तिच्या दिराचं सीडीसीचं, म्हणजे बोटीवरच्या नोकरीला लागणाऱ्या पुस्तिकेचं, काम यांनीच केलं होतं. मी सगळं सांगितलं, साडेनऊ हजारांचंही. बाईंनी मान वर न करता विचारलं, "फिलिपिन्स न्ही? ताका फीच ना."

ऑगस्ट 2025 मध्ये फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस दिल्लीला आले होते, तेव्हा भारतानं फिलिपिनो प्रवाशांना ई-टुरिस्ट व्हिसा विनाशुल्क करायचं जाहीर केलं, त्या ऑगस्टपासून एका वर्षासाठी. म्हणजे अर्ज करावाच लागतो, मंजुरी घ्यावीच लागते, पण सरकारी फी शून्य. साडेनऊ हजारांतली 'गव्हर्नमेंट फी' कुठल्या गव्हर्नमेंटची होती देव जाणे. बाईंचा दर अर्जामागे सातशे रुपये, त्यात स्कॅनिंग आणि प्रिंट धरून. निमंत्रणपत्र टाईप करायचे वेगळे दीडशे. आणि त्यांनी हेही सांगितलं, की घरी कुणी कॉम्प्युटरवालं असेल तर सातशेही खर्चू नका, फक्त साईट खरी बघा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर ती दलालाची. दिसायला हुबेहूब सरकारी असते आणि डॉलरमध्ये पैसे मागते.

घरी कॉम्प्युटरवालं कोणी नव्हतं. मुलगा-सून भर समुद्रात. आम्ही सातशेवर बसलो.

बाईंनी पहिला प्रश्न पासपोर्टचा विचारला नाही. विचारलं, "तीं परत वतलीं केन्ना?" म्हणजे परत जाणार कधी? मी कौतुकानं बेत सांगितला. 3 नोव्हेंबरला येतील, पाच तारखेला त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीला विठ्ठलापूरच्या वाळवंटी नदीत होड्यांचा उत्सव बघतील, 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त करतील आणि पाचला जातील. बाईंनी बोटांवर मोजलं. तेहतीस दिवस. आपण काढणार तो व्हिसा तीस दिवसांचा, तोही आगमनाच्या दिवसापासून मोजायचा आणि वाढवून न मिळणारा. त्यात दोनदा प्रवेश मिळतो, पण दिवस तीसच. "एक किदें तरी सोडचें पडटलें," त्या म्हणाल्या. होड्या नाहीतर फेस्त.

विहिणीला फोन लावला. ती कट्टर कॅथलिक, सेंट फ्रान्सिस झेवियरचं नाव तिनं लहानपणापासून ऐकलेलं. तो आमच्या घरापासून पाऊण तासावर निजलाय हे कळल्यापासून ती त्याच एका दिवसासाठी येत होती. होड्या गेल्या. आमचे हे दोन दिवस गप्प होते, कारण साखळी यांचं आजोळ. मग 8 नोव्हेंबर ते 5 डिसेंबर ठरलं. अठ्ठावीस दिवस. दोन दिवस हातचे ठेवा, विमान चुकलं तर दंडाची पाळी नको, हेही बाईंनीच सांगितलं. पणजीच्या ऑफिसात परतीची तारीख कुणी विचारलीसुद्धा नव्हती.

आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस गेलो होतो, तर त्यांनी चक्क परत पाठवलं. तीस दिवसांच्या व्हिसाचा अर्ज येण्याच्या तीस दिवस आधीच उघडतो आणि किमान चार दिवस आधी भरायला लागतो. "9 ऑक्टोबरा उपरांत येयात." हातात आलेलं गिऱ्हाईक दहा-बारा दिवस पुढे ढकलणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदा पाहिला.

तोवर कागद गोळा करायचे होते. लागतं फार नाही. पासपोर्टच्या फोटोच्या पानाची पीडीएफ, तीनशे केबीच्या आतली. पासपोर्ट पोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने चालणारा, शिक्क्यांसाठी दोन पानं कोरी. एक चौकोनी फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. व्याह्यांनी मेसेंजरवरून पाठवलेला फोटो निळ्या पडद्यापुढचा होता आणि अंगात त्यांचा तो पारदर्शक भरतकामाचा बारोंग. रुबाबदार दिसत होते, पण दुसरा काढायला लावला. तो आला त्यात मागे पांढऱ्या चादरीची दोरी दिसत होती. तिसरा पास झाला.

खरी गंमत नावाची. आमच्याकडे मधलं नाव म्हणजे बापाचं किंवा नवऱ्याचं. त्यांच्याकडे मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. मी शेजारी बसून शहाणपणानं सांगत होते, की हे तिच्या वडिलांचं नाव असणार. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. बोटीवरच्या लोकांची कागदपत्रं करून करून त्यांना हे पाठ होतं. फॉर्ममध्ये आई-वडिलांची नावं, त्यांचे जन्मगाव, गेल्या दहा वर्षांत पाहिलेले देश, भारतातला ओळखीचा माणूस, तिकडचा ओळखीचा माणूस असं सगळं विचारतात. विहिणीचे गेल्या दहा वर्षांतले देश ऐकून मी चकित झाले. सिंगापूर, हाँगकाँग, मलेशिया, व्हिएतनाम, थायलंड. निवृत्त नर्स बाई! आणि यांतल्या एकाही ठिकाणी तिला आधी व्हिसा काढावा लागला नव्हता. आसियान या आग्नेय आशियातल्या गटाच्या देशांत फिलिपिनो माणूस नुसत्या पासपोर्टवर जातो. सिंगापूरला तीस दिवस, व्हिएतनामला एकवीस, आणि हाँगकाँग आसियानात नसूनही तिथे चौदा. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो, तिला लागत नाही. इतके दिवस माझ्या मनात, खोटं कशाला बोलू, 'गरीब देशातली पाहुणी' असं काहीतरी होतं. ते त्या दुकानातच उतरलं.

बाईंची एक चूक सांगायला हवी. 'भारतात कुठे उतरणार' या रकान्यात त्यांनी सवयीनं गोव्याचा विमानतळ निवडला. पण तिकीट मनिला, क्वालालंपूर, बंगळूर आणि मग गोव्यात दाबोळी असं होतं. इमिग्रेशनचा शिक्का जिथे पहिलं पाऊल पडतं तिथे, म्हणजे बंगळूरला. अर्ज पाठवण्याआधी मला दिसलं म्हणून बरं. तपासायची खोड कधीतरी उपयोगी पडते. त्यांनी 'हय गे बाय' म्हणून बदललं, पण माझ्यासारखी चिवट गिऱ्हाईक शेजारी नसती तर ते तसंच गेलं असतं. तेव्हा तिथे जाल तर प्रत्येक रकाना स्वतः वाचा.

आणि वेळ. एक ते चार दुकान बंद. बोर्डावर 1 ते 3.30 लिहिलंय, त्यावर जाऊ नका. मी दोन वेळा त्या उन्हात बंद शटरपुढे उभी राहिले. व्हॉट्सॲपला उत्तर नाही, फोन उचलला तर उचलला. पाच तारे द्यायची माझी तयारी होती, पाचवा त्या दुपारच्या झोपेत गेला.

मंजुरी तिसऱ्या दिवशी ईमेलवर आली. मला वाटलं, झालं. बाई म्हणाल्या, खरी परीक्षा आता, आणि ती इथे नाही, मनिलाच्या विमानतळावर.

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे फिलिपिनो सुना-जावई पुष्कळ झालेत आणि आपल्या लोकांना हे ठाऊक नसतं. आपल्याला वाटतं, व्हिसा मिळाला म्हणजे यायची मोकळीक. फिलिपिन्समध्ये देशाबाहेर पडतानाच त्यांचाच इमिग्रेशन अधिकारी स्वतःच्या देशाच्या नागरिकाला अडवू शकतो. त्याला ते लोक 'ऑफलोड' म्हणतात. बोर्डिंग पास हातात, सामान विमानात आणि माणूस परत घरी. वय, शिक्षण आणि प्रवासाचा खर्च पेलण्याची ऐपत या तीन गोष्टी पाहायच्या, असं त्यांच्या 2015 च्या नियमावलीतच आहे. शंका आली तर बाजूला नेऊन दुसरी चौकशी. 2023 साली तर एका तरुणीनं अधिकाऱ्यानं आपल्याकडे शाळेचं इयरबुक मागितल्याचं सांगितलं आणि ते प्रकरण तिकडे प्रचंड गाजलं. यामागचं कारण मात्र उगाचचं नाही. टुरिस्ट म्हणून निघालेली पोरं-पोरी परदेशात भलत्या कामाला जुंपली जातात, म्यानमार-कंबोडियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर विकली जातात. माणसांच्या व्यापाराविरुद्ध त्यांचा कायदा 2003 पासून आहे. आपल्या पासपोर्टवरचा ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागण्याचा शिक्का, ज्यांना आठवतो त्यांना हा विचार परका वाटणार नाही.

बाईंनी यासाठी विहिणीला एक फाईल करायला सांगितली आणि त्या दीडशे रुपयांचं चीज झालं. आमचं निमंत्रणपत्र, त्यात राहण्याचा पत्ता आणि दिवस स्पष्ट. माझ्या आणि यांच्या आधारची प्रत. सुनेचा तिकडचा जन्मदाखला, म्हणजे ही यांचीच मुलगी हे सिद्ध होतं. तिचा विवाहाचा दाखला, म्हणजे आमच्या मुलाशी नातं जुळतं. परतीचं तिकीट. व्याह्यांचं पेन्शन जमा होतं त्या बँकेचं पासबुक. खर्च आम्ही करणार असं लिहू का, म्हणून मी विचारलं. बाई म्हणाल्या, त्यांची ऐपत असताना उगाच तसं लिहू नका. दुसरा खर्च करणार म्हटलं की मग खर्च उचलण्याचं प्रतिज्ञापत्र, त्याचं प्रमाणीकरण असं शेपूट लागतं. जे खरं आहे तेवढंच लिहा, राहायला आमच्याकडे, बाकी खर्च त्यांचा.

शिवाय निघण्याआधी 72 तासांच्या आत फिलिपिन्सच्या ई-ट्रॅव्हलवर ऑनलाइन नोंदणी, ती फुकट. मग तिकडचा प्रवास कर, इकॉनॉमीच्या प्रवाशाला 1,620 पेसो. आणि ऑक्टोबर 2025 पासून भारतानं आपलंही ई-अरायव्हल कार्ड सुरू केलंय, तेही 72 तासांच्या आत आणि तेही फुकट. एवढ्या फुकट गोष्टींची यादी करून देणारीला सातशे रुपये देताना मला काहीच वाटलं नाही.

काउंटरवर काय झालं ते विहिणीनं नंतर अंगणात बसून साभिनय सांगितलं. अधिकाऱ्यानं विचारलं, अठ्ठावीस दिवस कशाला? तिनं फाईल उघडली, तर सगळ्यात वर लग्नाचा फोटो, तो तिनं स्वतःच्या अकलेनं घातलेला. शेजारी लॅपटॉपच्या स्क्रीनवर आम्ही दोघं, हातात अक्षता. अधिकारी हसला म्हणे, आणि शिक्का मारला. दहा मिनिटं.

घरी आल्या रात्री आणखी एक काम होतं, तेही बाईंनी आठवण करून दिली म्हणून. परदेशी पाहुणा घरात उतरला की 24 तासांच्या आत त्याची सरकारी नोंद ऑनलाइन करायची. हॉटेलवाल्यांनाच नव्हे, घरच्यांनाही. आमच्या वाड्यावर कुणालाच हे माहीत नव्हतं, आणि वाड्यावर दरवर्षी कुणाकडे ना कुणाकडे परदेशातली माणसं येत असतात.

ते अठ्ठावीस दिवस हा वेगळाच विषय आहे. विहीण सुकवलेल्या आंब्यांची पाकिटं घेऊन आली, इलोइलोच्या समोरच्या गिमारास बेटावरच्या आंब्यांची. आमचे हे मानकुरादाच्या अभिमानानं एक तुकडा चघळत बसले आणि काहीच बोलले नाहीत, म्हणजे आवडला. शिक्षकाला फिलिपिनो भाषेत 'गुरो' म्हणतात कळल्यावर मी खूश. चेहऱ्याला 'मुखा'. फेस्ताच्या दिवशी जुन्या गोव्यात ती पहाटेच्या मिसाला उभी होती आणि मी बाहेर झाडाखाली तिच्या चपला सांभाळत, कारण तिनं चर्चच्या आवारात अनवाणी चालायचं ठरवलं होतं.

तिथेच व्याह्यांनी मला एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. पोर्तुगीज तुमच्याकडे 1510 ते 1961, चारशे एक्कावन्न वर्षं, आणि त्यामुळे गोव्यातल्या कितीतरी लोकांना आज पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो. स्पेन आमच्याकडे तीनशे तेहतीस वर्षं, आमच्या देशाचं नावच त्यांच्या राजावरून, आणि आम्हाला स्पेन नुसतं बघायला जायचं तरी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा, नव्वद युरो फी, तीस हजार युरोंचा विमा आणि बँकेची स्टेटमेंटं. मी एवढंच म्हणाले, की 1580 ते 1640 पर्यंत गोवा आणि मनिला एकाच राजाच्या अमलाखाली होते. तेव्हा आलात असता तर काहीच लागलं नसतं. ते म्हणाले, बोटीला दीड वर्ष लागलं असतं.

शेंगेनचं निघालं म्हणून सांगते. सुनेला पुढच्या वर्षी मुलाबरोबर युरोपला सुटीवर जायचंय आणि अर्ज गोव्यातूनच करावा असं तिच्या मनात होतं. पणजीच्या त्या ऑफिसानं फोनवर 'होऊन जाईल मॅडम, पंचेचाळीस हजार' म्हणून सांगितलं. आमच्या बाईंनी काम घेतलंच नाही. ज्या देशात कायदेशीर रहिवासी असाल तिथूनच अर्ज करायचा. ती भारतात पाहुणी म्हणून येते, तेव्हा तिनं मनिलाहून करावा, सबळ कारण असल्याशिवाय दुसरीकडून घेत नाहीत. नोकरीचा दाखला, बँकेचे व्यवहार, सगळं तिचं तिकडचंच आहे. सून फोनवर जरा हिरमुसली. मला मात्र या नकारानं त्या दुकानाची किंमत कळली.

परतताना आम्ही दोघंही विहीण-व्याह्यांबरोबर क्वालालंपूरपर्यंत गेलो, चार दिवस. मलेशियाच का? कारण चारही पासपोर्ट ठेवून बाईंनी कुठे कुणालाच व्हिसा लागणार नाही ते पाहिलं. सिंगापूरला आमचा लागतो, जपानला सगळ्यांचा. मलेशियाला सध्या कुणाचाच नाही, फक्त पोचण्याच्या तीन दिवस आत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं. चार कार्डांचे त्यांनी शंभर रुपये घेतले.

आता येत्या एप्रिलात आमची इलोइलोला जायची पाळी. गेल्या आठवड्यात मी पासपोर्ट, फोटो, पेन्शनचे कागद, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुकानात गेले, चार वाजून गेल्यावर, शहाणी होऊन. बाईंनी पिशवी उघडलीही नाही. 8 जून 2025 पासून फिलिपिन्सनं भारतीयांना चौदा दिवस बिनव्हिसाचं येऊ दिलंय. परतीचं तिकीट, राहायची जागा आणि खर्चाची ऐपत दाखवायची, ई-ट्रॅव्हल भरायचं, बस्स. आता दिल्लीहून मनिलाला थेट विमानही आहे.

"म्हणजे तुमची फी?" मी विचारलं.

"तुमकां व्हिजाच नाका," त्या म्हणाल्या आणि तिकिटाचे दोन कागद मशीनमधून काढून माझ्यापुढे सरकवले. "वीस रुपया दियात."